वाढत्या अंगाची सिगार

लहानपणी माझ्या मापाचा सदरा माझ्या अंगात कधी गेला नाही. जून लागायच्या आधी वडील मला शिंप्याकडे नेत. शिंपी मोठ्या गंभीरपणे माझी छाती, खांदे, बाह्या मोजून वहीत आकडे टिपी आणि त्याचं टिपून झालं की वडील त्याला बजावीत, "वाढत्या अंगाचा शिवा हं!" मग मोजमापाचं एवढं नाटक कशाला केलं, हा प्रश्न मला त्याही वयात पडत असे. शाळेच्या पहिल्या दिवशी मी सदरा घालून चाललोय की सदरा मला घालून चाललाय, हे बघणाऱ्याला चटकन कळत नसे. दुसऱ्या वर्षी तो अंगाला बरोबर बसे, पण तोवर कॉलर उसवलेली, खिशावर शाईचा तलाव आणि कोपराला ठिगळ. तिसऱ्या वर्षी तो धाकट्या भावाकडे जाई. त्याला तो पुन्हा वाढत्या अंगाचा. थोडक्यात, जो मुलगा अजून जन्माला आलेला नाही त्याच्यासाठी आमच्या घरात सदरा तयार असे आणि जो समोर उभा आहे तो दुसऱ्याच कुणाच्या तरी कपड्यांत वावरत असे.

हे सगळं आठवायचं कारण म्हणजे सिगार.

दचकू नका. सिगार ओढावी असं माझं मुळीच म्हणणं नाही. माझ्या हृदयावर हक्क सांगणाऱ्या डॉक्टरांनी २००६ सालीच मला तंबाखूची बंदी केली आहे आणि ती मी पाळतो. एकदाच मोडली, ते पुढे येईलच. पण माझ्या कपाटात एक लाकडी पेटी आहे आणि जगात ज्याला 'नैतिक पेच' म्हणतात तसला एकमेव पेच माझ्या वाट्याला आला तो त्या पेटीत आहे. थोरामोठ्यांना असले पेच रणांगणावर पडतात. आम्हांला कपाटात.

१९८५ साली मी बॅलार्ड इस्टेटमधल्या एका जहाज कंपनीत क्लेम्सच्या टेबलावर होतो. आमचे साहेब मालवणकडचे. तरुणपणी बोटीवर काढलेली वर्षं त्यांच्या चालण्यात तशीच राहिली होती. ऑफिसच्या सपाट फरशीवरूनसुद्धा ते लाटांचा अंदाज घेत चालत. संध्याकाळी सहानंतर, शिपाई पंखे बंद करायला लागले की ते खणातून सिगार काढीत. काडी लागली की साहेब हे साहेब राहत नसत. इंग्रजी गळून पडे, मग मुंबईची मराठी गळून पडे आणि शेवटी निव्वळ मालवणी उरे.

त्यांची सुरुवात आपल्याच देशातल्या त्रिचनापल्लीच्या चिरुटापासून झाली होती. 'चिरूट' हा शब्दच मुळी तमिळ 'सुरुट्टू'वरून आला, म्हणजे गुंडाळी, हे मला त्यांनीच सांगितलं. शेरलॉक होम्सच्या १८८७ सालच्या पहिल्याच कादंबरीत तो खुनाच्या जागी पडलेल्या राखेवरून चिरूट त्रिचनापल्लीचा असल्याचं ओळखतो, याचा साहेबांना अभिमान होता. जणू राख त्यांच्या घरची. पुढे साठीच्या दशकात एका ग्रीक मालकाच्या बोटीवर असताना ते तीन आठवडे हवाना बंदरात अडकले आणि तिथे त्यांचा धर्म बदलला. सिगारीच्या कारखान्यात शेकडो कारागीर पानं गुंडाळत बसतात आणि उंच जागी बसून एक माणूस त्यांना वर्तमानपत्रं आणि कादंबऱ्या वाचून दाखवतो, ही १८६५पासूनची तिथली रीत. 'मॉन्टेक्रिस्तो' हे एका सिगारीचं नाव अशा वाचनातूनच आलं. आमच्या ऑफिसात मोठ्याने वाचून दाखवलं जाई ते फक्त उशिरा येणाऱ्यांच्या नावांचं पत्रक, आणि त्यावरून कुणी कशाचंही नाव ठेवलं नाही.

मला त्यांनी पहिली सिगार दिली ती अगदी सौम्य. मला आवडली. दुसरी दिली तीही तशीच. तीही आवडली. तिसऱ्या वेळी मी स्वतःच म्हणालो, "साहेब, तीच द्या, मागची." साहेबांनी माझ्याकडे असं पाहिलं, की पाचवीतल्या मुलाने बालवाडीचं पुस्तक मागावं.

मग त्यांनी मला सिगारीचं शास्त्र सांगितलं. क्यूबाच्या पश्चिम टोकाला पिनार देल रिओ प्रांतात व्हुएल्ता आबाहो नावाचा भाग आहे. तिथल्या तांबड्या मातीतला तंबाखू जगात एक नंबर. रोपाची खालची पानं पातळ, चव बेताची, पण ती पेट चटकन घेतात. मधल्या पानांना सुगंध. आणि सगळ्यांत वरची, दिवसभर ऊन खाणारी पानं ती 'लिहेरो': जाड, तेलकट, ताकदवान. ही पेटायला फार हट्टी, म्हणून कारागीर ती बरोबर मध्ये ठेवतो आणि इतर पानांच्या जळण्यावर ती जळतात. साहेब म्हणत, "ज्याच्यात ताकद असता तो सहज पेटणा नाय." हे वाक्य माझ्याविषयी नाही, एवढं मला कळत होतं.

तर सौम्य सिगारीत हे वरचं पान कमी, कडक सिगारीत जास्त. नवशिक्याने सौम्य ओढावी, हे ठीकच. पण साठवून ठेवायला घेताना मात्र त्याने कडक घ्यावी, असा साहेबांचा सिद्धांत होता. सिगार गुंडाळून झाली तरी पानं आत जिवंतच असतात. ढिगात घालून, घाम काढून त्यांचा उग्रपणा कारखान्यात बराचसा गेलेला असतो, उरलेला पेटीत वर्षानुवर्षं हळूहळू जातो. तोंड पोळणारा तिखटपणा ओसरतो, निरनिराळी पानं एकमेकांत मुरतात. सौम्य सिगारीला मुळात गमवायलाच फारसं नसतं. ती दहा वर्षं ठेवली तर वाळलेल्या गवताची सुरळी उरते. कडक सिगारीचं तसं नाही. तिच्यापाशी झिजायला भांडवल असतं.

"आणि तोपर्यंत," साहेब म्हणाले, "तुझी जीभ पण मोठी होतली. आज आवाडता तीच घेतलंस तर उद्या काय करतलंस, मेल्या?"

म्हणजे पुन्हा वाढत्या अंगाचा सदरा!

१९८७च्या जानेवारीत कंपनीने मला तीन महिन्यांसाठी लंडनला पाठवलं. साहेबांनी पत्राने आज्ञा केली: बोलिव्हारची पंचविसांची एक पेटी. बोलिव्हार ही क्यूबाच्या कडक सिगारींतली नाव कमावलेली सिगार. पेटीवर त्या दक्षिण अमेरिकेच्या मुक्तिदात्याचं चित्र असतं आणि तो चित्रातूनही असा बघतो की नवशिक्याने पेटी आपली खाली ठेवावी. मी सेंट जेम्स भागातल्या एका दुकानात गेलो. दुकानदार वृद्ध, इतका अदबशीर की मला माझ्या बुटांची लाज वाटायला लागली. बोलिव्हारच्या शेजारीच 'होयो दे मॉन्टेरे'ची पेटी उघडी होती (स्पॅनिश लोक त्यातला 'ह' गिळतात, मी तो खणखणीत उच्चारला आणि दुकानदाराने अदबीने ऐकून घेतला). ही सौम्य जात, मला आवडणारी. साहेबांच्या दयेने एक-दोनदा चाखलेली. नुसत्या वासानेच मला घरी आल्यासारखं वाटलं.

मी तिथे पाच मिनिटं उभा होतो. माझ्या आयुष्यातला तत्त्वचिंतनाचा एकूण काळ मोजला तर त्यातली ही सर्वांत सलग पाच मिनिटं असतील. इकडे मी उभा, एकतीस वर्षांचा, मला काय आवडतं हे पक्कं ठाऊक असलेला. आणि तिकडे दहा वर्षांनंतरचा कुणी एक एक्केचाळीस वर्षांचा गृहस्थ, ज्याला मी कधी भेटलेलो नाही, ज्याची आवड मला ठाऊक नाही, पण जो माझ्यापेक्षा सर्व बाबतींत वरचढ असणार अशी सगळ्यांची खात्री. पैसे माझे, पसंती त्याची. पत्नीच्या कार्डिगनचे पैसे मोडून मी त्या अनोळखी गृहस्थासाठी बोलिव्हार घेतली.

(कार्डिगन मागाहून घेतला. तो तिला घट्ट झाला. तो वाढत्या अंगाचा घ्यायला हवा होता, हे मी तिला बोलून दाखवलं, आणि हा विषय आमच्या घरात अजून बंद झालेला नाही.)

मुंबईला आल्यावर साहेबांनी पेटीची वाटणी केली. पेटीच्या आत मधोमध पातळ फळीचा तुकडा उभा केला: बारा त्यांच्या, बारा माझ्या. दहा वर्षं हात लावायचा नाही, १९९७ साली दोघांनी बसून उघडायची. आणि पंचविसावी? ती त्यांनी मला तिथल्या तिथे पेटवायला लावली, "पुढे फरक कळाक होयो म्हणून."

एक तृतीयांश जळेपर्यंत मी आपला बोलत होतो. नंतर मी गप्प झालो. नंतर कपाळावर गार घाम आला आणि समोरच्या भिंतीवरचा जगाचा नकाशा सावकाश फिरायला लागला. पृथ्वी फिरते हे मी पुस्तकात वाचलं होतं, आता डोळ्यांनी पाहिलं. साहेबांनी शांतपणे खणातून साखरेची पुडी काढली आणि माझ्या तोंडात ओतली. कडक तंबाखू चढला की साखर द्यावी, हे त्यांचं बोटीवरचं ज्ञान. "होता असा," ते म्हणाले, "धा वर्षांनी होवचा नाय."

पेटी सांभाळायची जबाबदारी माझ्यावर. सिगारीला हवेत सत्तर टक्क्यांच्या आसपास ओलावा लागतो आणि बेताचा गारवा. मुंबईत ओलाव्याला तोटा नाही, पण गारवा कुठून आणायचा? २५ अंशांच्या वर पारा गेला की तंबाखूच्या पानात दडलेली अंडी फुटून एक बारीक तपकिरी भुंगेरा बाहेर येतो आणि सिगारीला बासरीसारखी भोकं पाडतो. हाच भुंगेरा हळदीत नि मिरचीतही होतो, म्हणजे तो आपल्या स्वयंपाकघरातला जुना रहिवासी. तेव्हा मी पेटी प्लास्टिकमध्ये गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवली. आठव्या दिवशी आमच्या दुधाला हवानाचा आणि बोलिव्हारला लसणाच्या चटणीचा वास यायला लागला. "एक तर ही राहील नाही तर मी," असं पत्नी म्हणाली. फ्रिज तिच्या माहेरचा होता, त्यामुळे मला विचार करायलासुद्धा वाव नव्हता.

शेवटी पेटी पुण्याला गेली, सदाशिव पेठेतल्या आमच्या जुन्या घरात, आत्याच्या ताब्यात. आत्याची कोठीची खोली म्हणजे बारा महिने गार, अंधारी, जाड भिंतींची. तिथे जुने तांदूळ, जुना गूळ, जुनी चिंच आणि काळ्या मिठासारखं काळंभोर झालेलं लिंबाचं लोणचं अशी सगळी मुरणारी मंडळी आपापल्या बरण्यांत बसलेली. मी भीतभीतच पेटी पुढे केली. ओलावा कसा राखायचा हे सांगायला लागलो तर आत्याने मला मधेच थांबवलं. ती स्वतः पान खायची, तंबाखूसकट.

"पानंच ना ही? तंबाखूची? मग मला काय शिकवतोस?" आणि विड्याच्या पानांच्या करंड्याला जसं ओलं फडकं गुंडाळायची तशी तिने पेटीचीही व्यवस्था लावून दिली. पेटी होती ती स्पॅनिश सीडरची. हे लाकूड स्पेनचं नाही, आणि सीडरही नाही. ते महोगनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्या कुळातलं. आत्या तांदळात कडुनिंबाचा पाला घालायची. क्यूबा आणि सदाशिव पेठ यांचं इतकं जवळचं नातं असेल असं मला वाटलं नव्हतं.

मी तिला विचारलं, "आत्या, लोणचं मुरलं हे तुला कळतं कसं?"

"त्यात काय कळायचंय?" ती म्हणाली. "कुणाला ताप येऊन तोंडाची चव गेली की मुरलं."

तेव्हा मी हसलो होतो.

आता जरा मुद्द्यावर येतो. उद्याच्या 'मी'साठी आजच्या 'मी'ने किती उपाशी राहावं? आपण मध्यमवर्गीय लोक या प्रश्नाचं उत्तर न विचारता आधीच देऊन टाकलेलं असतं. विम्याचा हप्ता भरतो तो उद्याच्यासाठी. काचेचे चांगले कप कपाटात ठेवून कान तुटलेल्या कपातून चहा पितो, तोही उद्याच्याच कुणा पाहुण्यासाठी. दासबोधावरच्या भाष्याचे खंड निवृत्तीनंतर वाचायला म्हणून सवलतीत घेतो आणि निवृत्तीनंतर डोळ्यांचं ऑपरेशन होतं. यात शहाणपण नाही असं कोण म्हणेल? पण त्यात एक गृहीत धरलेलं असतं: उद्याचा 'मी' आजच्यापेक्षा वरच्या इयत्तेत असणार. त्याला कडक आवडेल, गहन आवडेल, ख्याल आवडेल. ठुमरीवर जीव असलेल्या माणसाने कधी सांगितलं, की मी ठुमरीतच राहणार, तर त्याची वाढ खुंटली असं लोक म्हणतात. आवड बदलते हे खरंच. पण ती नेहमी जिना चढते, हे कुणी ठरवलं?

दुसऱ्या टोकाचा माणूस बघायचा तर केनेडी. त्याचे प्रसिद्धी सचिव पिएर सॅलिंजर यांनी हा किस्सा पुढे लिहून ठेवला. फेब्रुवारी १९६२मध्ये अध्यक्षांनी त्यांना बोलावून सांगितलं, उद्या सकाळपर्यंत हजारभर पेटी अपमान हव्यात. 'पेटी' म्हणजे आपली पेटी नव्हे, 'लहान'; आणि 'अपमान' म्हणजेही आपला अपमान नव्हे, ते त्या सिगारीचं नाव. सॅलिंजरनी रातोरात हिंडून बाराशे गोळा केल्या. सकाळी ते ऐकताच केनेडीने खणातून कागद काढला आणि क्यूबाचा माल अमेरिकेत बंद करणाऱ्या हुकमावर सही केली. या प्रकारातल्या नीतीबद्दल मी बोलत नाही. स्वतःची बेगमी करून मग दुसऱ्यांची वाट बंद करणं हे आमच्या सोसायटीच्या पाण्याच्या टाकीवरही चालतं. मला दिसतं ते एवढंच, की त्या माणसाने घेतली ती आज आवडणारी, छोटी, रोजची सिगार. दहा वर्षांनी माझी जीभ मोठी होईल असला विचार त्याने केला नाही. आणि नोव्हेंबर १९६३मध्ये डॅलसला जे झालं ते बघता, हिशोब त्याचाच बरोबर निघाला.

माझा हिशोब कुठे चुकला ते आता सांगायला हवं. इतका वेळ मी इकडचं तिकडचं बोलतोय तो बहुधा हे टाळण्यासाठीच.

१९९२च्या दिवाळीत पुण्याला गेलो असताना मी कोठीत जाऊन माझ्या बाजूची एक सिगार गुपचूप काढली. पाच वर्षं झाली होती. सिगार नक्कीच बदलली होती. धूर गोल झाला होता, मागे कातड्याचा, कोकोचा असा काहीतरी छान वास रेंगाळत होता. फक्त अर्ध्यावर येताच माझ्या कपाळावर तोच गार घाम आला आणि सदाशिव पेठेलाही पृथ्वीबरोबर फिरणं भाग पडलं. आत्याने न विचारताच गुळाचा खडा आणून दिला. सिगार पाच वर्षांत खूप पुढे आली होती. मी जिथे होतो तिथेच होतो. पस्तिशी उलटली, टेबल बदललं, हाताखाली चार माणसं आली, पण जीभ आपली बालवाडीत. मला अजूनही ती होयोच हवी होती.

साहेब १९९०लाच निवृत्त होऊन मालवणला गेले होते. १९९३च्या उन्हाळ्यात त्यांचं कार्ड आलं. अक्षर जरा हललेलं. डॉक्टर म्हणतो हृदय मोठं झालंय. (पुढे कंसात: एवढा मोठेपणा कुणी मागितला होता?) तेव्हा दहा वर्षांचा हट्ट सोडू, सहा पुरे झाली. तू पेटी घेऊन ये, माशांचं जेवण मी घालतो.

खरं म्हणजे दुसऱ्याच दिवशी एस.टी.त बसायला हवं होतं. त्याऐवजी मी त्यांना दोन पानी पत्र लिहिलं. इतकं विद्वत्तापूर्ण पत्र मी आयुष्यात दुसरं लिहिलं नाही. लिहेरोचं प्रमाण, मुरण्याची गती, अमुक सिगारीला दहा वर्षांच्या आत हात लावणं म्हणजे कशी भ्रूणहत्या, वगैरे. सगळे मुद्दे त्यांचेच, त्यांनाच परत. 'अजून तयार नाही, साहेब. थोडं थांबू.'

तयार कोण नव्हतं हे मला पक्कं माहीत होतं. त्यांच्या समोर बसून ती सिगार पेटवायची, आणि सहा वर्षांनीही पुन्हा साखरेची पुडी मागायची, याची मला लाज वाटत होती. त्यांचा सिद्धांत माझ्यामुळे खोटा पडला असता. 'तुमची निवड चुकली' हे त्यांना सांगण्यापेक्षा 'सिगार कच्ची आहे' हे सांगणं सोपं होतं. सिगार बिचारी काही खुलासा करणार नव्हती.

त्यांचं उत्तर आलं ते एका ओळीचं. 'शिष्य तयार झालो. थांबूया.' मी ते कार्ड मोठ्या अभिमानाने चार जणांना दाखवलंसुद्धा.

१९९५च्या पावसाळ्यात साहेब गेले. मी तेराव्याला मालवणला पोचलो. तिथे कुणीतरी सांगितलं, की शेवटच्या वर्षात त्यांच्या तोंडाला कशालाच चव राहिली नव्हती. तेव्हा मला कोठीत हसलो होतो ते आठवलं.

पुढचं भरभर सांगतो, त्यात काही विशेष नाही. १९९७ आलं आणि गेलं. २००६ साली माझ्या हृदयाच्या रक्तवाहिनीत एक स्प्रिंग बसली. २००९ला आत्या गेली, घर बिल्डरला दिलं, आणि कोठीतल्या बरण्यांबरोबर पेटी माझ्याकडे आली. फडकं त्या दिवशीही ओलं होतं. हल्ली मुलगा न्यू जर्सीहून ओलावा राखणाऱ्या पुड्या पाठवतो. पेटीच्या तळाशी 'ओ, एस, यू, ए' अशी चार अक्षरं उमटवलेली आहेत. इतकी वर्षं मला तो स्पॅनिश शब्द वाटायचा. ती निघाली क्यूबावाल्यांची १९८५पासूनची सांकेतिक तारीख: 'निव्हेल आकुसो' या शब्दांतल्या दहा अक्षरांना एक ते नऊ आणि शून्य असे आकडे. त्या हिशोबाने ओ म्हणजे शून्य, एस म्हणजे नऊ, यू आठ, ए सहा. सप्टेंबर १९८६. पेटीला आपलं वय ठाऊक होतं. ते वाचता येत नव्हतं ते मला.

फळीच्या एका बाजूला माझ्या अकरा, दुसऱ्या बाजूला साहेबांच्या बारा. पेच आहे तो या बाराचा. त्या माझ्या नाहीत. साहेबांची मुलं सिगार ओढत नाहीत, त्यांना मी विचारलं. विकाव्यात तर असल्या जुन्या सिगारींना परदेशात म्हणे लिलावात किंमत येते. पण दुसऱ्याची ठेव विकायची, तीही त्याला एकदा खोटं सांगून अडकवून ठेवलेली? टाकून द्याव्यात तर हात होत नाही. आणि ओढाव्यात तर कुणी?

गेल्या डिसेंबरात डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, "एक ओढलीत तर मला सांगू नका. दोन ओढल्यात तर माझ्याकडे येऊ नका." गॅलरीत दोन खुर्च्या मांडल्या. आत्याच्या अडकित्त्याने माझ्या बाजूच्या एका सिगारीचं टोक कापलं. साखरेची पुडी खिशात होती. पेटवली. पहिला झुरका घेतला, दुसरा घेतला, आणि वाट बघत बसलो.

काही झालं नाही. घाम नाही, चक्कर नाही. बोलिव्हारने आपली तलवार केव्हाच म्यान केली होती. धूर मऊ, किंचित गोडसर, अगदी सौम्य. ओळखीचा वाटला म्हणून डोळे मिटले, तर समोर सेंट जेम्सचं ते दुकान आणि बोलिव्हारच्या शेजारची ती उघडी पेटी. अडतीस वर्षं मुरून ती कडक सिगार अगदी जवळजवळ तीच झाली होती, जी मला त्या दिवशी हवी होती. माझी जीभ तिच्यापर्यंत वर गेली नाही. तीच बिचारी जिना उतरून माझ्याकडे आली.

मग मी साहेबांच्या बाजूची एक काढली. तिचं टोक कापलं, काडी लावली, आणि समोरच्या खुर्चीपुढच्या बशीत ठेवून दिली.

पत्नी चहा घेऊन आली. चांगल्या कपांतून, ही एक सुधारणा. दारातच थांबून तिने नाक वर केलं.

"आत्यांच्या कोठीचा वास येतोय," ती म्हणाली. मग बशीकडे तिचं लक्ष गेलं. "अहो, दोन? डॉक्टर काय म्हणालेत?"

"ती माझी नाही."

ती थोडा वेळ गप्प उभी राहिली. मग तिने एक कप माझ्या हातात दिला आणि दुसरा कप समोरच्या खुर्चीपुढे, बशीच्या बाजूला ठेवला.

"विझलीय पण ती," ती म्हणाली.

"असू दे," मी काडेपेटी उचलली. "ती पेटायला वेळ घेते."